अक्कलदाढेची तारीख

त्या दिवशी नळाला पाणी होतं, म्हणून घर लवकर उठलं. जुळे सोलापुरात पाणी कधी चार दिवसांनी येतं, कधी पाच. आलं की माणसं आधी पिंपाकडे धावतात आणि मग देवाकडे. नारायणरावांनी दोन्ही पिंपं, हंडे, कळशा, बादल्या आणि शेवटी देवघरातला तांब्यासुद्धा भरून ठेवला. त्यांना नीट दिसत नसे, पण भांडं भरत आलं की पाण्याचा आवाज बदलतो, तो त्यांना बरोबर कळायचा.

"डोळे गेले, कान शाबूत आहेत," ते म्हणाले.

"आहेत की," प्रभाबाई आतून म्हणाल्या. "फक्त बायकोचं तेवढं ऐकू येत नाही."

डोळे अगदी गेले नव्हते. कडेचं दिसायचं, मधलं नाही. दारात कोणी उभं आहे हे कळायचं, पण त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग असायचा. अक्षरं तर मुळीच दिसत नव्हती. जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार म्हणून ज्याचं आयुष्य कागद वाचण्यात गेलं, त्या माणसाला म्हातारपणी दुकानाची पाटीही वाचता येऊ नये, याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. संध्याकाळी मुलगी कॉलेजातून आली की तिचा चहा होईपर्यंत ते थांबत, मग खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसत आणि म्हणत, "हं, काय म्हणतंय जग?" मग वैजयंती वाचायला घ्यायची. आधी वर्तमानपत्र, मग जे पुस्तक चालू असेल ते.

वैजयंती चाळिशीला आली होती. एका कॉलेजात ग्रंथपाल होती. तिचं लग्न एकदा ठरून मोडलं होतं. त्यावर घरात बोलणं होत नसे. तसं त्या घरात मनातल्या कुठल्याच गोष्टीवर सरळ बोलणं होत नसे. त्यासाठी नारायणरावांनी, म्हणजे घरातल्या अण्णांनी, वेगळी सोय करून ठेवली होती. नोकरी संपली तेव्हा त्यांनी कोर्ट घरी आणलं होतं.

टीव्ही बाहेरच्या खोलीत ठेवायचा की आतल्या, गच्चीवर येणाऱ्या मांजरीला दूध घालायचं की नाही, भाच्याच्या लग्नाला प्रभाबाईंनी माहेरी दुधनीला किती दिवस आधी जायचं, अशी सगळी प्रकरणं जेवणाच्या टेबलावर चालत. आधी पुकारा व्हायचा. मग दोन्ही बाजू बोलायच्या, साक्षी निघायच्या, आणि कुणी फार तापलं की अण्णा वाटीवर चमचा आपटून म्हणायचे, "तहकूब. पुढची तारीख." मांजरीचा निकाल मांजरीच्या बाजूनं लागला होता. दुधनीच्या प्रकरणात प्रभाबाई निकालाची वाट न बघता गाडीत बसल्या होत्या.

अक्कलदाढेचं प्रकरण मात्र वर्षभर रेंगाळत होतं.

दाढ वैजयंतीची. खालची, डावीकडची. अर्धी वर आलेली, अर्धी हिरडीखाली आडवी पडलेली. वरून हिरडीची झालर, आणि त्या झालरीखाली शेंगाचटणीचा कण जाऊन बसला की दोन दिवसांत गाल सुजायचा. सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडायची म्हणजे राहण्यात काय अर्थ उरला, असं अण्णांचं मत. त्यांचे स्वतःचे दात अजून जागच्या जागी होते आणि कडक भाकरी ते अशी मोडून खायचे की शेजारच्या खोलीत ऐकू जायचं.

सात रस्त्याजवळच्या डॉक्टर सोनम यांनी जबड्याचा पूर्ण एक्स-रे काढून पडद्यावर दाखवला होता. वयानं लहान, बोलणं स्वच्छ.

"मॅडम, दोन्ही करता येतं," त्या म्हणाल्या होत्या. "काढली तर कटकट कायमची जाईल. आणि काढायचीच असेल तर लवकर काढलेली बरी, वय वाढतं तसं हाड कडक होत जातं. पण आत्ता तुम्हाला दुखत नाहीये. नीट स्वच्छ ठेवलीत, दर सहा महिन्यांनी दाखवलीत, तर ठेवूनही बघता येईल. घाई नाही."

"मग काढत का नाही आपण?"

"काढू की. फक्त एक सांगून ठेवते." त्यांनी पडद्यावर एक करडी रेघ दाखवली. दाढेची मुळं त्या रेघेला टेकली होती. "ही नस. खालच्या ओठाची जाणीव हिच्यातून जाते. काढताना तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो. बहुतेकांची जाणीव काही आठवड्यांत परत येते. एखाद्याची येत नाही."

"बोलायला येतं?"

"येतं. पण सुरुवातीला शब्द सैल पडतात, आपला ओठ आपला वाटत नाही. तुम्हाला कामात फार बोलावं लागतं का?"

"ग्रंथालयात आहे," वैजयंती म्हणाली. "तिथं 'शांतता राखा' अशीच पाटी असते."

डॉक्टर हसल्या आणि विषय तिथं संपला. वैजयंतीपुरता मात्र त्याच क्षणी निकाल लागला होता. घरी येऊन तिनं अण्णांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं, मग पुस्तक काढलं, आणि वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की आपण प, ब, म या अक्षरांशी ओठ कसे मिटतात याकडे लक्ष देतो आहोत. दाढ काढायची नाही. नसेला धोका आहे एवढं तिनं घरी सांगितलं; ओठाचं आणि आपलं कारण मात्र कोणालाही सांगितलं नाही. सांगण्यात एक अडचण होती. हे वाचन म्हणजे आपण मुलीचा वेळ खातो, तिच्यावर भार टाकतो, असं अण्णांना पहिल्यापासून वाटत आलं होतं. दिवसभर राबून आलेल्या पोरीला पुन्हा बोलायला लावतो म्हणून ते मधूनमधून ओशाळायचे. आपल्यामुळे तिनं दाढ ठेवली आहे असं त्यांना कळलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाचन बंद केलं असतं. म्हणून ती कधी परीक्षा म्हणाली, कधी पुस्तकांची मोजदाद, कधी नुसतंच "बघू". घरानं त्याचा अर्थ लावला: वैजू घाबरते.

पाणी आलेल्या त्या दिवशी दाढेची तारीख होती.

रात्रीच्या जेवणाला कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि डाळीची आमटी. अण्णांनी बसल्या बसल्या आवाज लावला, "वैजयंती नारायण, हजर आहेत का?"

"समोरच बसलेय, अण्णा."

"हजर. बोला, वादी."

वादी म्हणजे प्रभाबाई. त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "काढून टाका म्हणते मी. गेल्या महिन्यात गाल बघितला का हिचा? निम्मा लाडू ठेवल्यासारखा. उद्या अडचणीच्या वेळी सुजली तर काय करायचं?"

"अडचणीची वेळ म्हणजे कोणती?"

"वेळ काय सांगून येते?"

"हा पुरावा होत नाही. दाढ तोंडात आहे, हक्कानं आहे, आज कुणाला त्रास देत नाही. तिला बेदखल करायला सबळ कारण पाहिजे. वर नसेला धोका आहे."

"बघ, बघ," प्रभाबाई मुलीकडे वळल्या. "न्यायाधीश हेच आणि दाढेचे वकीलही हेच. हे कुठलं कोर्ट?"

"खालचं. वर जायचं तर दुधनीला तुमच्या भावाकडे दाद मागा."

"साकु, साकु," प्रभाबाई म्हणाल्या. माहेरची कानडी त्यांना हरायला आल्यावर आठवायची. "पुरे करा की आता."

अण्णा हसले. मग हसणं आवरून त्यांनी मान थोडी तिरकी केली. मुलीचा चेहरा बघायचा असला की ते असं कडेनं बघायचे.

"दोन्ही बाजू वर्षभर ऐकल्या," ते म्हणाले. "जिची दाढ ती एकदाही बोलली नाही. वैजू, तुझं म्हणणं काय?"

"तुम्ही ठरवा. मला दोन्ही चालेल."

"असं कोर्टात चालत नाही. भीती वाटते का? वाटत असेल तर तसं सांग, त्यात काही कमीपणा नाही. मी येईन बरोबर. मला काही दिसायचं नाही, म्हणजे मीही घाबरणार नाही."

तिनं चटणीवर दही घातलं. बोलणं ओठापर्यंत आलं होतं. प्रभाबाई आमटीची वाटी पुढे करत म्हणाल्या, "घ्या, मुकी बसली बघा," आणि ते बोलणं परत गेलं.

अण्णांनी वाटीवर चमचा आपटला. "पक्षकाराचं म्हणणं आल्याशिवाय निकाल नाही. तोपर्यंत जैसे थे. कुणी काही हलवायचं नाही. पुढची तारीख रविवार."

हात धुऊन आल्यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढला. चेहऱ्यावर भेट लपवून ठेवलेल्या माणसाचा आनंद होता.

"हृषीकेशनं फोनवरून शिकवलं." हृषीकेश म्हणजे बंगळूरला असणारा मुलगा. "आता हे ऐक." त्यांनी बोटानं चाचपडत कुठेतरी दाबलं आणि मोबाइलमधून एक बाई वर्तमानपत्र वाचू लागली. तिला दम लागत नव्हता आणि स्वल्पविराम दिसत नव्हता. कुर्डुवाडीच्या कारखान्याची बातमी होती. कुर्डुवाडीचे तिनं तीन तुकडे केले.

"कुर्डू, मग वा, मग डी!" अण्णा खदखदून हसले. "चालेल. शिकेल हळूहळू. वैजू, आजपासून तुझी सुटका. संध्याकाळी जरा पाय पसरून बसत जा. मैत्रिणीकडे जा, काही कर."

"बरं झालं," वैजयंती म्हणाली.

"पुस्तक तेवढं हिला वाचता येत नाही. ते राहू दे. तुला सवड होईल तेव्हा."

पुस्तक सायकलवरून लडाखला निघालेल्या एका माणसाचं होतं. बर्फानं घाट बंद झाला होता आणि तो माणूस एका टपरीत घाट उघडण्याची वाट बघत बसला होता. वैजयंतीनं खुणेची फीत पानात नीट घातली आणि आतल्या खोलीत जाऊन दुसऱ्या दिवशीच्या साडीला इस्त्री करत बसली. बाहेर ती बाई वाचत होती. अण्णा मधेच तिच्या चुका सुधारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरायला जाण्यासाठी बूट घालून वेताच्या खुर्चीत बसले होते. प्रभाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा मान थोडी तिरकी झालेली होती. त्यांना वाटलं, आपल्याकडेच बघताहेत. डॉक्टर आले, त्यांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. झोपेत गेल्यासारखे गेले, असं सगळे म्हणाले. बूट घातलेल्या माणसाबद्दल हे म्हणणं वैजयंतीला पटलं नाही.

घरात मृत्यू झाला की भरलेलं पाणी ओतून टाकतात. शेजारच्या बजाबाईंनी ते काम अंगावर घेतलं. दोन्ही पिंपं, हंडे, कळशा, देवघरातला तांब्या, सगळं अंगणात रिकामं झालं. पाणी फाटकाखालून रस्त्यावर वाहत गेलं. पाण्यासाठी एरवी गल्लीत भांडणं होतात. त्या दिवशी सगळे तो ओघळ ओलांडून, चपला न भिजवता, आत येत होते.

रविवार आला आणि गेला. त्या दिवशी तारीख होती हे वैजयंतीच्या लक्षात होतं. आणखी कुणाच्या असेल असं तिला वाटलं नाही.

दिवस झाले. हृषीकेश परत गेला. घर आता दोघींचंच उरलं, आणि मग हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. प्रभाबाई काही हलवत नव्हत्या. वेताची खुर्ची खिडकीजवळच, थोडी तिरकी, तशीच. खुंटीवरची टोपी तशीच. दिनदर्शिकेचं पान पालटलं नव्हतं. वैजयंतीनं एकदा खुर्ची बाजूला करून केर काढला तर त्या स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"राहू दे ती. त्यांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"जैसे थे."

वैजयंतीनं खुर्ची परत होती तिथं ठेवली.

उन्हाळा चढला आणि दाढ सुजली. या वेळची सूज आधीच्यांसारखी नव्हती. ताप आला, तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. प्रभाबाई भाकरी दुधात कुस्करून तिच्यापुढे ठेवत होत्या. डॉक्टर सोनम यांनी हिरडीखाली धुऊन काढलं, गोळ्या दिल्या, आणि नवा एक्स-रे पडद्यावर लावला.

"मागच्या वर्षी मी दोन्ही करता येतं म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "आता तसं म्हणणार नाही. वारंवार सुजते आहे, आणि हे बघा, शेजारच्या चांगल्या दाढेला कीड लागायला सुरुवात झाली. ही ठेवली तर तीही जाईल. सूज उतरली की काढू. नसेचा धोका होता तेवढाच आहे, मी जपून करीन. येताना घरचं कुणीतरी बरोबर आणा."

घरी येऊन तिनं आईला सांगितलं. वर्षभर दाढ काढा म्हणून भांडलेल्या प्रभाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काढायची नाही."

"आई, तूच म्हणत होतीस ना?"

"मी म्हणत होते. ते नव्हते म्हणत. माझ्या बाजूनं निकाल लागला नाही. शेवटचा शब्द त्यांचा, जैसे थे."

"ती जेवताना केलेली थट्टा होती गं."

"तुला थट्टा. जाताना त्यांनी माझ्याजवळ दुसरं काय ठेवलंय? ना कुणाला हाक मारली, ना पाणी मागितलं. तेवढं एक वाक्य आहे. तेही मोडू?"

वैजयंती समोर बसली. सुजलेल्या गालानं बोलणं जड जात होतं. "डॉक्टर म्हणतात, शेजारची पण जाईल."

"जाऊ दे." मग हातातली शेंग फुटली नाही म्हणून त्यांनी ती जोरानं ताटात टाकली. "नाहीतर तू बोलायचंस त्या दिवशी! त्यांनी विचारलं होतं की नाही? मान वाकडी करकरून विचारलं. तू बोलली असतीस तर तेव्हाच निकाल लागला असता, मीही मोकळी झाले असते. तुझं म्हणणंच आलं नाही. आता कोण देणार निकाल?"

एवढं बोलून त्या रडल्या नाहीत. शेंगा फोडत राहिल्या. वैजयंती आत गेली. टेबलावर लडाखचं पुस्तक होतं. कॉलेजच्या ग्रंथालयाचं. मुदत संपली की ती स्वतःच ते परत स्वतःच्या नावावर चढवत होती. फीत होती त्याच पानात होती. पुढे वाचायला काही हरकत नव्हती, पण मनात वाचायचं म्हटलं तरी तो माणूस टपरीतून उठेना.

सूज उतरली. डॉक्टरांच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला. पहिल्यांदा ती "कळवते" म्हणाली. दुसऱ्यांदाही तेच म्हणायला तोंड उघडलं आणि आपण किती जुन्या सवयीनं हे म्हणतो आहोत ते तिला ऐकू आलं. तिनं सोमवारची वेळ घेतली. फोन ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात गेली.

"आई, रविवारी जेवताना मी बोलणार आहे."

प्रभाबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. "कशाबद्दल?"

"प्रकरणाबद्दल."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "बरं," म्हणाल्या.

रविवारी दुपारी टेबलावर तीन पानं होती. वैजयंतीसाठी मऊ भाकरी होती, आमटी होती. तिसऱ्या पानावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. वेताची खुर्ची प्रभाबाईंनी स्वतः उचलून टेबलाशी आणली होती. खिडकीजवळच्या फरशीवर तिच्या चार पायांचे फिकट डाग तेवढे उरले होते. दोघी बसल्या. बाहेर ऊन मी मी म्हणत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

मग प्रभाबाईंनी घसा साफ केला. पदर सावरला. आणि आयुष्यात कधी न केलेलं काम करताना येतो तशा अवघडल्या, थोड्या वरच्या आवाजात म्हणाल्या, "वैजयंती नारायण, हजर आहेत का?"

"हजर."

"बोला मग." त्यांना पुढचे शब्द आठवेनात. "तुमचं काय ते म्हणणं."

वैजयंतीनं खुर्चीकडे बघितलं. मग बघता बघता तिची मान आपोआप थोडी तिरकी झाली.

"माझं म्हणणं असं की दाढ काढायला माझी हरकत नाही. उद्याची वेळ घेतली आहे."

"मग वर्षभर काय झालं होतं? भीती?"

"भीती नव्हती, आई."

"मग?"

वाटीवर चमचा आपटणारं कुणी नव्हतं. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"नसेला धक्का लागून ओठ बधिर झाला असता, तर वाचता आलं नसतं," ती म्हणाली, आणि आईला सांगता सांगता खुर्चीशीच बोलायला लागली. "म्हणून ठेवली होती, अण्णा. दुसरं काही कारण नव्हतं. तुम्ही माझा वेळ घेता असं तुम्हाला वाटायचं. माझ्या दिवसात माझा असा तेवढाच वेळ होता. तुम्ही मोबाइल दाखवलात, सुटका म्हणालात, तेव्हा मी 'बरं झालं' म्हटलं. बरं झालं नव्हतं. मला वाचायचं होतं."